माहीत नव्हते!



मतमाउलीच्या यात्रेला हरेगावला जाताना आमच्या जीपचे इंजिन जाम झाले. मेकॅनिकने डिपस्टिक ओढली, ती कोरडी. “ऑइल संपल्याचे आम्हांला माहीतच नव्हते,” आम्ही म्हणालो. तो म्हणाला, “फादर, बघितलं होतं का?”

न पाहणाऱ्याचे अज्ञान निर्दोष असते का? सत्य जाणून घेण्याची तसदी न घेणाऱ्याला त्याच्या अज्ञानाचाही दोष लागतो, असे १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद १७९१) म्हटले आहे. लाल दिव्यावर विसंबू नये. तो ऑइलचा दाब घसरल्यावर पेटतो. तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

मेकॅनिकने रीत शिकवली: गाडी सपाट जागी, इंजिन बंद, काही मिनिटे थांबायचे. पट्टी पुसून पुन्हा घालायची, मगच दोन खुणांमधली पातळी वाचायची. पहिल्या खेपेस पट्टीवर उडालेले ऑइल फसवते.

मनाचे पहिले उत्तरही असेच, सबबींनी माखलेले. म्हणून संत इग्नेशियस लोयोला दररोज आत्मपरीक्षण करण्यास सांगत. घरात कोण दुखावले आहे, कोणाची मजुरी आपल्याकडे थकली आहे? आज रात्री क्षणभर थांबून, पुसून, पुन्हा पाहू या.