गिअरचा झटका आणि गौतमाचा संशय

पश्चिम जर्मनीत 1980च्या आसपास टॅक्सी म्हटले की फिकट हस्तिदंती रंगाची डिझेल मर्सिडीज डोळ्यांपुढे यायची. कंपनीच्या भाषेत तिचे नाव डब्ल्यू 123. जानेवारी 1976मध्ये ती आली आणि दहा वर्षांत जवळपास 27 लाख गाड्या तयार झाल्या. त्यांतल्या कितीतरी आजही रस्त्यावर आहेत. तीस वर्षांपुढची आणि नीट राखलेली गाडी असेल, तर जर्मनीत तिच्या नंबरप्लेटच्या शेवटी 'एच' अक्षर मिळते. 'हिस्टोरिश' म्हणजे ऐतिहासिक, या शब्दाचे ते आद्याक्षर.

या गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची एक तक्रार जुन्या मेकॅनिकांना तोंडपाठ असते. गिअर पडताना गाडी मागून कुणी ढकलावे तसा झटका देते. मालक घाबरतो, गिअरबॉक्स गेला असे धरून चालतो, आणि कुणी काही हजार युरोंचा खर्च सांगितला तरी मान डोलावतो. खरे कारण मात्र कधी कधी दाराच्या कुलपात असते.

हे ऐकायला विचित्र वाटते, पण त्यामागची यंत्ररचना सरळ आहे. या डिझेल गाडीत एक व्हॅक्यूम पंप असतो. ब्रेकला मदत करणे, चारही दारांची कुलपे एकदम लावणे, चावी फिरवली की इंजिन बंद करणे, ही सगळी कामे त्याने हवा ओढून तयार केलेल्या व्हॅक्यूमच्या जोरावर होतात. त्याच व्हॅक्यूमची एक बारीक नळी गिअरबॉक्सवरच्या एका पत्र्याच्या डबीत जाते. डबीत रबराचा पडदा असतो. व्हॅक्यूम भरपूर असला की गिअरबॉक्स समजतो, इंजिनावर भार कमी आहे, गिअर हळुवार बदलायचा. व्हॅक्यूम घटला की तो समजतो, ड्रायव्हरने अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला आहे, जोर लावायचा. मग तेलाचा दाब वाढतो आणि क्लच धाडकन पकडतात. दाराच्या कुलपातला चाळीस वर्षांचा रबरी पडदा फाटला, तर हवा तिथून शिरते, व्हॅक्यूम कमी होतो, आणि बिचारा गिअरबॉक्स चुकीच्या बातमीवर अगदी बरोबर वागतो.

परिणाम एका जागी, कारण भलत्याच जागी. मग कारणापर्यंत पोचायचे कसे, आणि पोचलो असे म्हणायचा हक्क माणसाला कधी मिळतो? हा प्रश्न गॅरेजमधला आहे, तितकाच तो दर्शनशास्त्रातलाही आहे. आपल्याकडे न्यायदर्शनाने त्याच्यावर इतके बारीक काम करून ठेवले आहे, की जुनी ऑटोमॅटिक गाडी हातात आलेल्या माणसाला ते थेट उपयोगी पडावे.

इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतल्या गौतमाच्या न्यायसूत्रांच्या चर्चेत अनुमानाचे एक उदाहरण नेहमी येते: नदीला पूर दिसला, म्हणजे वर डोंगरात पाऊस झाला. दुसऱ्या अध्यायात गौतम स्वतःच यावर आक्षेप उभा करतो. पूर बांधाने पाणी अडल्यानेही येऊ शकतो. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणजे पाऊस येणार, असे धरावे, तर त्यांचे वारूळ कुणी मोडलेले असू शकते. मोराचा आवाज ऐकला, तर तो माणसाने काढलेला असू शकतो. मग अनुमान हे प्रमाण कसले? पाचव्या शतकाच्या सुमाराचा भाष्यकार वात्स्यायन याला जे उत्तर देतो, ते प्रत्येक मेकॅनिकने लक्षात ठेवावे असे आहे. नुसता वाढलेला पाण्याचा पट्टा पावसाचे लक्षण नाही. प्रवाहाला वेग आहे, फेस आहे, फळे, पाने, लाकडे वाहत येत आहेत, असा विशिष्ट पूर पाहिला तरच पावसाचे अनुमान करायचे. चूक अनुमानाची नव्हती. अर्धवट पाहणाऱ्याची होती.

'गाडी झटका देते' हे नुसते पाणी वाढल्यासारखे आहे. त्यातला फेस आणि पाने शोधायला हवीत. झटका इंजिन थंड असताना येतो की तापल्यावर? गिअर वर चढताना की सिग्नलला थांबता थांबता उतरताना? प्रत्येक गिअरला की दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जातानाच? झटक्याच्या आधी इंजिन क्षणभर मोकळे फिरून घोंगावते का? ऑटोमॅटिकमध्ये गिअर बदलतो म्हणजे एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा पकडतो. दुसऱ्याने घाई केली तर दोघे एकमेकांना अडवतात आणि धक्का बसतो. उशीर केला तर इंजिन घोंगावते. कानाला ऐकू येणारा एवढा फरक बिघाडाची दिशा पालटतो. जुन्या डिझेल मर्सिडीजच्या मालकाला तर आणखी एक गोष्ट विचारावी: चावी काढल्यावर इंजिन लगेच बंद पडते का? पडत नसेल, तर गिअरबॉक्स आणि इंजिन बंद करणारी यंत्रणा एकाच दिवशी स्वतंत्रपणे बिघडली असे मानण्यापेक्षा दोघांना जोडणारा व्हॅक्यूम तपासणे शहाणपणाचे.

आणि काही झटके गिअरबॉक्सचे नसतातच. मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या लांब दांड्याच्या तोंडाशी जर्मन गाड्यांत रबराची एक जाड चकती असते, 'हार्डीशायबे' नावाची. ती चिरली की गिअर पडताना 'ठक्क' होते. गिअरबॉक्स धरून ठेवणारे रबरी माउंटिंग बसले तरी तेच. पेट्रोल गाडीच्या एखाद्या सिलिंडरात ठिणगी नीट पडत नसेल, तर चढावर गाडी थरथरते आणि लोक म्हणतात, क्लच गेले. न्यायाच्या भाषेत हा सव्यभिचार हेतू: जो साध्यासोबतही आढळतो आणि साध्य नसतानाही. स्कॅनरवर आलेल्या कोडबद्दलही हेच. 'गिअरचे प्रमाण चुकीचे' असे तो सांगतो, म्हणजे काय झाले ते सांगतो. का झाले, हे त्याला ठाऊक नसते.

जर्मन भाषेत 'फोरफ्यूरएफेक्ट' असा एक रोजच्या वापरातला शब्द आहे. दाखवायला गेले की भलतेच घडते, असा त्याचा अर्थ. गॅरेजच्या दारात गाडी लोण्यासारखी चालते आणि घरी परतताना पुन्हा झटका देते. गौतमाने संशयाची जी पाच कारणे सांगितली, त्यांत उपलब्धीची अव्यवस्था आणि अनुपलब्धीची अव्यवस्था ही दोन आहेत: दिसले म्हणून आहेच असे नाही, आणि दिसले नाही म्हणून नाहीच असेही नाही. न्यायदर्शनाच्या सोळा पदार्थांत संशय तिसरा आहे, प्रमाण आणि प्रमेयाच्या लगोलग. तर्क आणि निर्णय त्याच्यानंतर येतात. संशयाला मानाची जागा देणारे हे दर्शन आहे. मेकॅनिकने 'अजून सांगता येत नाही, थंड गाडी रात्रभर ठेवून सकाळी बघू' म्हटले, तर तो अज्ञान कबूल करत नसतो. तो ज्ञानाच्या पायरीवर उभा असतो.

पाच कारणांतले आणखी एक म्हणजे विप्रतिपत्ती, दोन सांगणाऱ्यांचा परस्परविरोध. त्याचे आजचे सर्वांत मोठे उदाहरण गिअरबॉक्सच्या तेलात सापडते.

बोडनझे सरोवराकाठच्या फ्रीडरिशहाफेन गावात 1915 साली झेपेलिन विमाननौकांसाठी दातेरी चाके बनवायला एक कारखाना निघाला, त्सानराडफाब्रीक, आजची झेडएफ कंपनी. तिचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स 2001मध्ये बीएमडब्ल्यूच्या 7 सिरीजमध्ये आला आणि पुढे अनेक कंपन्यांच्या गाड्यांत बसला. त्यातले तेल 'आयुष्यभरासाठी' आहे, बदलायची गरज नाही, असे मोटार कंपन्यांनी सांगितले. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र 80,000 ते 1,20,000 किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांनी तेल बदला, असे सांगते.

दोघांतले कुणाचे ऐकायचे? इथे वात्स्यायन पुन्हा मदतीला येतो. शब्दप्रमाणाचा मान आप्ताच्या वचनाला मिळतो, आणि आप्त म्हणजे ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही हे लक्षण सारखेच लागू, असेही तो म्हणतो. जन्माने, पदाने, दुकानाच्या पाटीने कुणी आप्त होत नाही. गिअरबॉक्स रोज उघडणारा फ्रीडरिशहाफेनचा माणूस आप्त असू शकतो, तसाच कोपऱ्यावरच्या गॅरेजातला तुर्की मेकॅनिकही.

'आयुष्यभर' हा शब्दही तपासावा लागतो. नैयायिकांचे आवडते उदाहरण 'सैंधव आण' हे आहे. सैंधव म्हणजे मीठ आणि सिंधुदेशाचा घोडाही. जेवणाच्या ताटावर बसून म्हटले तर मीठ आणायचे, प्रवासाला निघताना म्हटले तर घोडा. शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या तात्पर्यावर ठरतो. 'आयुष्यभराचे तेल' म्हणजे कुणाचे आयुष्य? तेलाचे, वॉरंटीचे, की तिसऱ्या मालकाकडे आलेल्या पंधरा वर्षांच्या गाडीचे? जर्मनीतल्या मोटारींचे सरासरी वयच आता दहा वर्षांच्या पुढे गेले आहे. ज्या वाक्यावर हजारो लोक खर्च ठरवतात, त्यातला मुख्य शब्द इतका मोघम ठेवणे हा वाचकाशी केलेला अन्याय आहे.

कारण या यंत्रात तेल म्हणजे नुसते वंगण नव्हे. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने 1905मध्ये स्टेटीनच्या जहाजबांधणी कारखान्यात असताना टर्बाइनची ताकद द्रवातून पंख्याकडे नेण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. तीच युक्ती टॉर्क कन्व्हर्टरच्या रूपाने मोटारीत आली. इंजिनाची ताकद चाकांकडे जाते ती तेलातून. क्लच दाबते ते तेल. उष्णता वाहून नेते तेही तेल. ते काळवंडले आणि त्यात क्लचची भुकटी मिसळली, तर झडपा अडखळतात. वास घेतला तरी जळकेपणा कळतो, इतके ते प्रत्यक्ष आहे. त्याची पातळीही वाटेल तेव्हा मोजून चालत नाही: झेडएफच्या सहा गिअरवाल्यात इंजिन चालू हवे आणि तेल 30 ते 50 अंश सेल्सियसच्या दरम्यान हवे. खालचा पॅन काढून साधारण निम्मेच तेल निघते; बाकीचे कन्व्हर्टरमध्ये आणि आतल्या वाटांमध्ये राहते. त्याच वेळी आतली कडक झालेली रबरी सील बदलली, तर गेलेला दाब पुष्कळदा परत येतो.

एक भीती मात्र जर्मनीत आणि पुण्यातही सारखीच ऐकू येते: जुने तेल बदलले आणि गिअरबॉक्स बसला. आधी तेल बदलले, मग बिघडला, म्हणून तेलाने बिघडला? नव्यन्यायात अन्यथासिद्ध म्हणून एक गोष्ट शिकवतात. घट तयार होण्याआधी माती वाहून आणणारे गाढव होतेच, तरी ते घटाचे कारण नव्हे. बहुतेक लोक क्लच घसरू लागल्यावरच तेल बदलायला धावतात. झिजलेले अस्तर नव्या तेलाने भरून येत नाही. ते आधीच संपलेले असते. तेलबदल तिथे कुंभाराचे गाढव असते.

मग झिजणे इतकी वर्षे कळले का नाही? गिअरबॉक्सचा संगणक शिकतो म्हणून. प्रत्येक क्लच भरायला किती वेळ लागतो हे तो टिपतो आणि पुढच्या वेळी दाब तितका सुधारून घेतो. जुन्या अनुभवाची आत राहिलेली ही छाप, तिला संस्कार म्हणावे असे वाटते. हा संस्कार झीज झाकत राहतो, आणि सुधारणेची मर्यादा संपते त्या दिवशी पहिला झटका बसतो. मालकाला तो आजचा आजार वाटतो. दुरुस्तीनंतर हे जुने आकडे पुसून संगणकाला नव्याने शिकवावे लागते, नाहीतर नव्या सीलांवर तो जुन्याच सवयीने दाब देतो.

1927च्या आपल्या मुख्य ग्रंथात जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगरने म्हटले होते, की हातोडा चालतो तोवर तो दिसत नाही. मोडला की समोर उभा राहतो. त्याच ग्रंथात त्याने त्या काळच्या मोटारींवरच्या वळण दाखवणाऱ्या लाल बाणाचाही विचार केला आहे. सहा वर्षांनी हा माणूस नाझी पक्षात गेला, हे त्याचे नाव घेताना सांगितलेच पाहिजे. मोडल्यावर यंत्र दिसू लागते, हे त्याचे म्हणणे खरे आहे. पण मोडले ते नेमके काय, हे शोधायची वाट तो दाखवत नाही. ती नैयायिकांनी दाखवली. बॉनचे प्राध्यापक हेर्मान याकोबी, ज्यांचे नाव मराठी वाचक टिळकांच्या 'ओरायन'मुळे ओळखतो, त्यांनी भारतीय तर्कशास्त्रावर 1901मध्येच जर्मनमध्ये लिहिले होते. मुंबईत शिकवणाऱ्या भीमाचार्य झळकीकरांचा 'न्यायकोश' त्याच्याही आधीचा, 1875चा. सव्यभिचार, अन्यथासिद्ध, तात्पर्य, या सगळ्या शब्दांची नेमकी लक्षणे त्यात सापडतात.

मर्सिडीजने 1995मध्ये पिंपरीत जोडायला घेतलेल्या ई-क्लास आता तीस वर्षांच्या झाल्या आहेत, आणि श्टुटगार्ट, म्युनिक, फ्रांकफुर्टमधली मराठी कुटुंबे पहिली गाडी बहुधा जुनीच घेतात. अशी गाडी झटका देऊ लागली, तर गॅरेजमध्ये जाण्याआधी आठवडाभर एका कागदावर लिहा: थंड की गरम, कितवा गिअर, चढता की उतरता, घोंगावते की नाही. तेल शेवटचे कधी बदलले, ते सर्व्हिसच्या वहीत शोधा. आणि गिअरबॉक्स खोलायला कुणी सांगितला, तर आधी रबराची चकती, माउंटिंग, व्हॅक्यूमच्या नळ्या आणि तेलाची पातळी पाहिली का, एवढे विचारा.