उद्याच्या माणसावर हक्क किती?

‘वर्षाची फी एकदम भरून टाकली, आता झक मारत जावं लागेल.’ व्यायामशाळेची पावती खिशात घालत आमचे एक शेजारी लिफ्टमध्ये हे म्हणाले, आणि ते वाक्य तेव्हापासून डोक्यात कुरकुरतंय. झक नेमकी मारायची कोणी? शेजारी तर पैसे भरून, छाती फुगवून घरी जेवायला गेले. पहाटे साडेपाचला पांघरूण बाजूला सारायचं ते उद्याच्या माणसाने. त्याला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं.

जानेवारीतल्या संकल्पांचं फेब्रुवारीत काय होतं ते सर्वांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. पण पैसे अडकले की माणूस हलतो, या समजुतीचा हिशेब मात्र अमेरिकेत मांडला गेला आहे. देलाविन्या आणि माल्मेंडियर या अर्थशास्त्रज्ञांचा 2006 सालचा अभ्यास आहे. महिन्याला 70 डॉलरपेक्षा जास्त फी भरणारे सभासद व्यायामशाळेत महिन्यातून सरासरी 4.3 वेळा जात. म्हणजे एका खेपेला 17 डॉलरहून अधिक पडत होते आणि सुट्या पासवर तीच खेप 10 डॉलरला मिळत होती. फी भरताना या मंडळींना ‘उद्याचा मी’ भलताच उत्साही दिसला असणार. उद्याबद्दल आपण सगळेच असे उदार असतो.

या बाबतीत माझा एक जुना, लाडका भेद आहे. उद्याच्या माणसाला हुकूम सोडणं वेगळं आणि त्याचं थोडं काम आजच उरकून ठेवणं वेगळं. हुकूम फुकट असतो, म्हणून तो रात्री जेवणानंतर भराभर सुटतो. ‘उद्यापासून रोज लिहायचं’ हा हुकूम झाला. अर्धं वाक्य लिहून, वही उघडी टाकून झोपायला जाणं ही मदत. गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने 1999 मध्ये मांडलेलं सूत्रही मदतीच्याच बाजूचं आहे: काय करणार एवढंच ठरवू नका, कधी, कुठे, कशाच्या पाठोपाठ करणार तेही आधी ठरवा. सकाळच्या माणसाकडे इच्छा असते, पण निर्णय घेण्याचं त्राण नसतं. तेवढा निर्णय आदल्या रात्रीच्या माणसाने घेऊन ठेवावा.

यावर शेजाऱ्यांच्या पंथाचं म्हणणं असं, की मदतबिदत पुरत नाही, परतीचा दोर कापावा लागतो. या पंथाला भारदस्त वकीलही मिळालेला आहे. जॉन एल्स्टर या नॉर्वेजियन विचारवंताने 1979 च्या आपल्या पुस्तकात ग्रीक महाकाव्यातला युलिसिस उभा केला. सायरनांच्या बेटावरून जाताना त्यांचं गाणं ऐकून भुलू नये म्हणून त्याने स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलं होतं. खरं सांगायचं तर मीही बराच काळ या पंथाला मनातून सामील होतो. फिलिपिन्समधल्या एका बँकेने, ठरलेली तारीख किंवा रक्कम गाठेपर्यंत हात लावता येणार नाही असं खातं काही ग्राहकांपुढे ठेवलं, तर त्यातल्या 28 टक्के लोकांनी आपणहून ते कुलूप लावून घेतलं आणि त्या गटाची शिल्लक वाढलीही. याला नाही कसं म्हणायचं?

तरी एक गोष्ट खटकते. आजचाच माणूस शहाणा आणि उद्याचा आळशी, हे ठरवलं कोणी? उद्याच्या माणसाने आपल्यापेक्षा एक दिवस जास्त पाहिलेला असतो. गुडघा सुजलाय, आई तापाने फणफणलीय, किंवा ज्या परीक्षेसाठी पहाटे उठायचं ती देण्यात अर्थच उरलेला नाही, हे त्याला कळतं, आपल्याला नाही. युलिसिसचं एक बरं होतं: बेट मागे पडलं की दोर सुटणार हे त्याला माहीत होतं. आपल्या बहुतेक शपथांना असं बेटच नसतं. त्या ‘आता कायमचं’ अशा असतात. गंमत म्हणजे एल्स्टरने 2000 साली दुसरं पुस्तक लिहून युलिसिसला जरा मोकळं केलं. राज्यघटनांबद्दल त्याचं म्हणणं असं झालं, की स्वतःला बांधण्याच्या नावाखाली माणसं बरेचदा दुसऱ्यांनाच बांधत असतात. माझी शंका पुढची आहे: उद्याचा मी हाही त्या दुसऱ्यांतलाच एक नसेल कशावरून?

इथे जरा वाट वाकडी करून कांदेनवमीकडे जातो. चातुर्मासात कांदा-लसूण-वांगं सोडणाऱ्या घरांत आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी कांद्याची भजी, कांद्याची थालीपीठं, जे जे कांद्याचं म्हणून असेल ते मनसोक्त खाल्लं जातं. सोडायचंय त्याचा आधी असा थाटात निरोप! पुढे कार्तिकी एकादशी होते, आणि कित्येक घरांत चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावरच वांगं पुन्हा ताटात येतं. सोळा सोमवारांनाही सतराव्याला उद्यापन आहे. लहानपणी मला ही सगळी खाण्याची निमित्तं वाटायची. आता वाटतं, नेम करणाऱ्या बायकांना माणसाची नस कळलेली होती. उद्याच्या माणसावर त्यांनी ओझं टाकलं खरं, पण ते उतरवण्याची तारीख आधी सांगून आणि त्या दिवशी गोडधोड कबूल करून.

म्हणजे हुकूम आणि मदत हा माझा भेद अपुरा पडला. बांधण्याला माझा विरोध उरलेला नाही. विरोध आहे तो मुदत न घातलेल्या बांधण्याला. थेलर आणि बेनार्त्झी यांनी एका कंपनीत राबवलेल्या योजनेत कामगारांनी आजचा पगार न कापता पुढच्या पगारवाढीतला वाटा बचतीला कबूल केला. 40 महिन्यांत बचतीचं प्रमाण 3.5 वरून 13.6 टक्क्यांवर गेलं. त्या योजनेतून कधीही बाहेर पडायची मुभा होती, आणि तरी बहुतेक जण टिकले. दार उघडं ठेवलं म्हणून माणसं पळाली नाहीत.

आपल्याकडचं पीपीएफ खातं 1968 पासून थोडंफार असंच चालत आलं आहे. मुदत पंधरा वर्षांची, पण तिसऱ्या वर्षापासून कर्ज आणि सातव्यापासून काही रक्कम काढायची सोय. पंधरा वर्षं भरल्यावर ते पाच-पाच वर्षांनी वाढवता येतं. मात्र पुढेही पैसे भरत राहायचे असतील तर वर्षाच्या आत नवा अर्ज द्यावा लागतो, आणि त्यावर सही त्या वेळच्या माणसाची लागते.