हुकूमनामा तिच्या हातात हवा

घटस्फोट होऊन दहा-बारा वर्षे झालेल्या एखाद्या बाईला विचारून पाहा, "तुझा हुकूमनामा कुठे आहे?" वकिलांकडे असेल, असे ती म्हणेल. किंवा भावाकडे आहे, तो पुण्याला असतो. किंवा बाबांनी ठेवला होता, ते गेल्यापासून काही ठाऊक नाही. कित्येकींना असा कागद असतो हेच कोणी सांगितलेले नसते. निकालाच्या दिवशी वकील बाहेर येऊन "झालं, सुटलात" म्हणाले आणि घरचे तिला घेऊन एसटी गाठायला निघाले. सासरहून परत आलेली भांडी आणि दागिने माहेरच्यांनी मोजून घेतले, पण कोर्टाचा कागद मात्र कोणीच मागितला नाही.

याला निष्काळजीपणा म्हणून मी सोडून देणार नाही. घटस्फोट ही घराण्याची नामुष्की, असे मनात पक्के असले की तिचा पुरावा घरात ठेवावासा वाटत नाही. लग्नाचे फोटो ज्या रागाने फाडले जातात, त्याच रागाने कोर्टाची फाइल माळ्यावर जाते आणि पावसाळ्यात भिजते. पुढे ती बाई संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज घेऊन तहसील कचेरीत जाते. या योजनेत घटस्फोटित स्त्रियांना जागा आहे, पण घटस्फोट झाल्याचे दाखवावे लागते. रेशनकार्ड वेगळे करताना, दुसऱ्या लग्नाची नोंदणी करताना, परदेशी नोकरीसाठी कागद जुळवताना हाच प्रश्न पुढे येतो. घरच्यांनी लाजेपोटी टाकून दिलेल्या कागदासाठी तिला दारोदार फिरावे लागते. लाज घरच्यांची, फेऱ्या मात्र तिच्या. हा अन्याय आहे आणि तो आपण, तिची माणसेच करतो.

कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा समंजस आहे. १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम २३ मध्ये एक पोटकलम आले: घटस्फोटाचा हुकूमनामा देणाऱ्या न्यायालयाने त्याची प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यावी. म्हणजे ही प्रत मागताना बाईने ओशाळण्याचे काही कारण नाही, तो तिचा हक्क आहे. पण हक्क ठाऊकच नसेल तर मागणार कोण? निकालानंतर ही प्रत अशिलाच्या हातात पडेपर्यंत वकिलाचे काम संपलेले नाही, असे मला वाटते.

ज्यांचा कागद हरवला आहे त्यांनीही हताश होऊ नये. लग्न कुठे लागले याला महत्त्व नाही, दावा कुठे चालला ते आधी आठवावे. २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नीला ती राहते तिथल्या न्यायालयातही अर्ज करता येतो, त्यामुळे अनेकींचे दावे माहेरच्या भागातच चालले आहेत. मुंबईत वांद्र्याचे, पुण्यात शिवाजीनगरचे, अशी मोठ्या शहरांत कौटुंबिक न्यायालये आहेत. ती नाहीत तिथे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्या न्यायालयात चौकशी करावी. मुंबईत कौटुंबिक न्यायालय येण्यापूर्वीचे, म्हणजे आईच्या किंवा मावशीच्या पिढीचे प्रकरण असेल, तर शहर दिवाणी न्यायालयात शोधावे लागते.

शोधताना एक गोष्ट हमखास चुकते. बाई आता माहेरचे नाव लावते आणि त्याच नावाने शोध घेते, पण दाव्यात तिचे सासरचे नाव असते. ई-कोर्टाच्या संकेतस्थळावर पक्षकाराचे नाव आणि वर्ष घालून शोधता येते. तिथे सासरचे नाव, माहेरचे नाव आणि नवऱ्याचे नाव, तिन्ही घालून पाहावीत. स्पेलिंगही बदलून पाहावे. प्रकरण सापडले की दाव्याचा क्रमांक, वर्ष, निकालाची तारीख आणि सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक वहीत उतरवून घ्यावा. संगणकाआधीची प्रकरणे तिथे सापडतीलच असे नाही. अशा वेळी न्यायालयात जाऊन निकाली प्रकरणांच्या नोंदवहीत शोध घेण्याचा अर्ज द्यावा.

यानंतरचे काम नक्कल विभागाचे. अर्जावर कोर्ट फीचे तिकीट लावायचे, दोन्ही पक्षांची नावे, दाव्याचा क्रमांक आणि निकालाची तारीख लिहायची आणि 'निकालपत्र व हुकूमनामा, दोन्हींची प्रमाणित प्रत मिळावी' असे स्पष्ट मागायचे. नुसते 'निकालाची प्रत' लिहिले की एकच कागद हातात येतो आणि पुन्हा फेरी पडते. सोबत ओळखपत्र न्यावे, अर्जाची पोच घ्यावी आणि पानांप्रमाणे होईल ती फी भरून तिची पावतीही जपावी. जुनी फाइल अभिलेख कक्षात गेलेली असेल तर वेळ लागतो. दाव्यातले बाकीचे कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जातात, पण निकाल आणि हुकूमनामा त्याहून पुष्कळ जास्त काळ जपले जातात. म्हणून 'इतक्या वर्षांनी काय मिळणार' असे कोणी म्हणाले तरी अर्ज द्यावाच. प्रत हाती आली की शिक्क्यावर समाधान मानू नये. नावे, तारखा, वये एकेक करून वाचावीत. लेखनिकाची चूक निघाली तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली ती दुरुस्त करून मिळते.

या सगळ्यासाठी भाऊ लागत नाही, मेहुणा लागत नाही. दाव्यातला पक्षकार स्वतःच्या सहीने प्रत मागू शकतो. तिऱ्हाइताला मात्र कारण सांगून प्रतिज्ञापत्र करावे लागते आणि न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. हे योग्यच आहे. वैवाहिक खटले बंद दाराआड चालावेत असे कायदाच सांगतो, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांना ती फाइल चाळायला का मिळावी?

पण दुसरेपणावर मुलगी देणाऱ्या आईबापांनी इथे थोडे थांबावे. स्थळ 'घटस्फोटित' आहे एवढे मध्यस्थाने सांगितले की आपण पुढे पगार आणि घर विचारतो. हुकूमनामा पाहायला मागणे अपमानाचे वाटते. त्यात अपमान कसला? ज्याचा घटस्फोट खरोखर झाला आहे तो माणूस प्रत आणून दाखवील. निकालाविरुद्ध अपिलाची मुदत ९० दिवसांची आहे. ती टळल्याशिवाय, आणि अपील झालेच असेल तर ते फेटाळले गेल्याशिवाय, दुसरे लग्न करता येत नाही. पहिले लग्न कायम असताना केलेले दुसरे लग्न मुळातच रद्दबातल ठरते, आणि तो सात वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हाही आहे. त्यात सर्वांत जास्त होरपळते ती दुसरी बाई, जिला कोणी काही सांगितलेलेच नसते.

सर्वांत मोठी फसवणूक होते ती सोडचिठ्ठीच्या कागदावर. चार जाणती माणसे बसतात, स्टँप पेपरवर 'आजपासून आमचा एकमेकांशी संबंध नाही' असे लिहिले जाते, दोघांच्या सह्या किंवा अंगठे होतात, नोटरीचा शिक्का बसतो आणि सगळे मोकळे झाल्यासारखे घरी जातात. नोटरीला लग्न मोडण्याचा अधिकार नाही. जातपंचायतीलाही नाही, आणि हे आजचे म्हणणे नव्हे. जातीने दिलेली मोकळीक न्यायालय मानणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ सालीच सांगितले आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने रूढीतल्या घटस्फोटाला जागा ठेवली आहे हे खरे. पण तशी रूढी आपल्या समाजात आहे हे पुराव्याने सिद्ध करण्याचा भार सांगणाऱ्यावर असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. शेतावर राबणारी एकटी बाई हा पुरावा कुठून आणणार?

काडीमोडाच्या रूढीबद्दल मला आदर आहे. उच्चवर्णीय बाईला १९४७ चा मुंबई प्रांताचा घटस्फोट कायदा येईपर्यंत सुटकेची वाटच नव्हती, तेव्हा बहुजन समाजातल्या बाईला नको असलेल्या संसारातून उठून पाट लावता येत होता. शास्त्रापेक्षा ही रूढी माणुसकीची होती. पण आज त्याच रूढीच्या नावाने पंच दंड उकळतात, बाईला तिच्या पोटगीवर पाणी सोडायला लावतात आणि कोर्टात जाईल त्या घराला वाळीत टाकायची धमकी देतात. २०१६ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवला आहे. जिच्याकडे फक्त असा स्टँप पेपर आहे तिने दोघांची संमती असेल तर परस्परसंमतीचा रीतसर अर्ज करावा, नसेल तर वैवाहिक स्थिती ठरवून देण्याचा दावा करावा. कोर्टाबाहेर तलाक दिल्या गेलेल्या मुस्लिम भगिनींनाही हा दावा करता येतो. तोंडी तलाकाविरुद्ध हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये मुंबईत सात स्त्रियांचा मोर्चा काढला होता. एका दमात दिलेला तिहेरी तलाक बेकायदा ठरायला २०१७ साल उजाडावे लागले.

शासनाकडेही एक मागणे आहे. जन्माची नोंद होते, मृत्यूची होते, लग्नाची होते. ज्या ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद आहे तिथल्या वहीत मात्र घटस्फोटानंतरही ते लग्न जसेच्या तसे राहते, कारण न्यायालयाने निकाल तिकडे कळवण्याची सोय आपल्या कायद्यात नाही. पारशी समाजाच्या १९३६ च्या कायद्यात ती आहे: न्यायालय हुकूमनाम्याची प्रत विवाह निबंधकाकडे पाठवते आणि तो ती वेगळ्या नोंदवहीत नोंदवतो. गोव्यात तर विवाहाच्या मूळ नोंदीवरच घटस्फोटाचा शेरा पडतो. पारशी बाईला जे नव्वद वर्षांपूर्वी मिळाले ते सातारच्या, बीडच्या बाईला आजही मिळू नये, याचे समर्थन कोणी करू शकेल असे मला वाटत नाही. अशा नोंदीने बदनामी होईल, असे काही जण म्हणतील. नोंदीचा उतारा फक्त त्या दोघांनाच मिळेल असा नियम केला की हा आक्षेप उरत नाही. आज खरी बदनामी होते ती कचेरीच्या खिडकीशी, जिथे दहा माणसांसमोर बाईला आपण कोणाची कोण हे तोंडाने सिद्ध करावे लागते.

तो नियम होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या घरात, नात्यात, शेजारी घटस्फोट झालेली जी कोणी असेल तिला हुकूमनाम्याबद्दल विचारा आणि तो नसेल तर तिच्याबरोबर नक्कल विभागापर्यंत जा. भावांनो, बहिणीचा कागद तुमच्या कपाटात असेल तर तो आज तिच्या स्वाधीन करा. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. स्त्रीला तिथे वकील मोफत मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.