आधाराची दांडी आणि निर्णयाचा हक्क

आई-वडील थकले की मुलांच्या तोंडी एक वाक्य हमखास येते, ‘तुम्ही आता काही करू नका.’ त्यामागची माया खरी असते. पण तिथूनच घरात मनाईचे सत्र सुरू होते. आधी गॅसपाशी जायचे नाही, मग एकट्याने खाली उतरायचे नाही, मग बँकेचे पासबुकही मुलाकडे. बघता बघता हिंडते-फिरते माणूस खुर्चीला खिळते. चालणे थांबले की पायांतली ताकद जाते, तोल बिघडतो आणि ज्या पडण्याच्या धास्तीने हे सारे केले, ते पडणेच जवळ येते. याउलट, व्यायाम केल्याने वृद्धांचे पडणे सुमारे २३ टक्क्यांनी कमी होते, असे २०१९च्या कॉक्रेन आढाव्यात दिसले.

म्हातारे माणूस पडले की आपण वयाला दोष देतो. एकदा न्हाणीघराकडे नीट पाहावे. गुळगुळीत ओली फरशी, दाराशी उंबरा, रात्री अंधार. रक्तदाबाची किंवा झोपेची गोळी घेतलेले माणूस लघवीसाठी झटकन उठते, तेव्हा त्याला भोवळ येऊ शकते. तोल गेला की हात आपसूक टॉवेलच्या दांडीकडे जातो. ती दांडी दोन पंचे पेलायला लावलेली. माणसाचा भार पडताच स्क्रूसकट हातात येते. त्यात दार आत उघडणारे असेल, तर पडलेल्या माणसाच्या अंगाला अडून ते बाहेरून ढकलताही येत नाही. भिंतीत पक्की बसवलेली आधाराची दांडी, खरखरीत फरशी, पलंगापासून संडासापर्यंत मंद दिवा, बाहेर उघडणारे आणि बाहेरूनही काढता येईल अशा कडीचे दार, एवढे गवंडी, सुतार आणि वायरमन मिळून थोड्या दिवसांत करतात. यातल्या कशानेही कुणाचे स्वातंत्र्य हिरावले जात नाही.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साठीपुढच्यांची संख्या एक कोटीच्या वर होती. आपली चर्चा मात्र ‘मुलाचे घर की वृद्धाश्रम’ इथेच अडकते. ज्या घरात आयुष्य गेले तिथेच नीट राहता येईल का, हे कुणी विचारत नाही. २००७च्या कायद्याने आई-वडिलांना निर्वाहभत्ता मागण्याचा हक्क दिला. २०२४पासून सत्तरीपुढच्यांना आयुष्मान भारतमध्ये कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत. हे हवेच, पण खुब्याचे हाड मोडल्यावरचा खर्च भागवणे वेगळे आणि ते मोडू न देणे वेगळे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून चष्मा, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी तीन हजार रुपये मिळतात, ही दिशा बरोबर आहे. मात्र लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचे माणूस वॉकर घेऊन जाणार कुठे? जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, प्रत्येक वळणावर टेकायला खुर्ची, शेजारी एक जादा किल्ली, हे सोसायटीचेच काम आहे. लिफ्टच्या खर्चाला तळमजल्यावरून विरोध होतो, तेव्हा तो वरच्या म्हाताऱ्यांच्या कोंडवाड्याला दिलेला होकार असतो.

एवढे करूनही थोडा धोका उरतोच. तो पत्करायचा की नाही, हे ठरवायचे कुणी? माणसाचे भान शाबूत असेल, तर त्याने स्वतः. परदेशातल्या मुलाने आई-वडिलांना न विचारता दिवाणखान्यात लावलेला कॅमेरा ही काळजी नव्हे, पाळत आहे. स्मृतिभ्रंशात गोष्ट वेगळी. तिथे गॅसवर, औषधांवर लक्ष हवेच. पण आज कुठली साडी नेसायची आणि केव्हा जेवायचे, हे तिथेही त्या माणसाकडेच राहू द्यावे.

दिवाळीला घरी आलेल्या मुला-मुलींना माझे एक सांगणे आहे. भेटवस्तू द्याच, पण एक सकाळ आई-वडिलांबरोबर घरभर फिरा. कुठे अडखळायला होते, काय हाताला येत नाही, हे त्यांना विचारा आणि ते सांगतील तसेच करून घ्या. अडचण आली तर हाताशी असावा म्हणून ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा हेल्पलाइन क्रमांक त्यांच्या फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आणि परतण्यापूर्वी ती आधाराची दांडी बसवून जा.