वेदना टळली, ऋण टळले काय?

पोळ्याच्या दिवशी ज्या बैलाची शिंगे आपण रंगवितो व ज्याच्यापुढे पुरणपोळी ठेवतो, तो खच्ची केलेला असतो, हे आपण सारे जाणतो. त्या दिवशी त्याचा उच्चार मात्र कोणी करीत नाही. पूर्वी हे काम ठेचून होत असे. पुढे बर्डिझोचा चिमटा आला. तो कातडी न फाडता वृषणाकडे जाणाऱ्या शिरा चिरडतो. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही विहित रीतीने केलेले खच्चीकरण गुन्हा मानलेले नाही. नांगराला शांत जनावर हवे, म्हणून ही वेदना आपण आवश्यक समजलो.

आता वेदनेवाचून तेच साधणारी लस निघाली आहे. मेंदूतील एक संप्रेरक पियूषिका ग्रंथीस इशारा देते व त्यावर वृषणांचे कार्य चालते. लस टोचल्यावर प्राण्याचे शरीरच या संप्रेरकास परके समजून अडविते. डुकरांसाठी अशा लसीस १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियात व २००९ मध्ये युरोपीय संघात मान्यता मिळाली. निदान चार आठवड्यांच्या अंतराने ती दोनदा टोचतात. परिणाम कालांतराने ओसरतो. नराच्या मांसास येणारा उग्र दर्प टाळणे हा तिचा मुख्य हेतू. करुणा आली खरी, पण व्यापाराचा हात धरून आली.

कोणी म्हणेल, हेतू काहीही असो, पिलाचा आक्रोश थांबला हे थोडे का? मुळीच थोडे नव्हे. सुरी आणि सुई यांत निवड करावयाची झाल्यास आम्ही निःशंकपणे सुई निवडू. भय इतकेच, की आक्रोशाबरोबर आपल्या मनाची टोचणीही थांबेल. बैल कळवळून हंबरला की चिमटा धरणाऱ्यास कळे, आपण याचे काही हिरावून घेत आहो. ते कळण्याचे साधन आता उरत नाही.

तरी एक खूण उरली आहे. लस टोचणाऱ्यास बजावलेले असते की, सुई स्वतःच्या हातात जाऊ देऊ नये. माणसाच्याही प्रजननशक्तीवर तिचा परिणाम होऊ शकतो. एकदा चुकून टोचली गेली, तर त्याने हे काम पुन्हा करावयाचे नाही. कारण बैल, डुक्कर व माणूस यांच्यात ते संप्रेरक एकच आहे; दहा अमायनो आम्लांची तीच साखळी. देहानेच ज्याला आपला सगोत्र ठरविले, त्याला केवळ कामाचे वा मांसाचे साधन कसे मानावे?

शेती सोडा, गोठे मोकळे करा, असे आमचे म्हणणे नाही. ज्याचे घेतले त्याचे देणे लागतो, एवढेच म्हणणे आहे. वेळेवर चारापाणी, कामानंतर विसावा, थकल्यावर गोठ्यात जागा, हे ते देणे होय. बैलाचे ऋण निदान वर्षातून एकदा आठवते. डुकराला पोळा नाही. त्याचेही स्मरण ज्याला राहील, त्याच्याच हाती ती सुई शोभेल.