मुद्दाम केलेला छेद

चि. सई,


डीएनए तुटला की पेशीवर संकट येतं, तर अर्धगुणसूत्री विभाजनात पेशी स्वतःच तो का तोडते, हा तुझा प्रश्न मला फार आवडला.

आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या जोडीदार गुणसूत्रांची नीट गाठ पडली नाही, तर विभाजनात दोन्ही एकाच बाजूला जाऊ शकतात. ती गाठ छेदातून पडते. स्पो११ हे प्रथिन डीएनएचे दोन्ही धागे कापतं (हे १९९७ मध्ये कळलं) आणि कापल्या टोकांना चिकटून बसतं. एमआरई११ आणि त्याचे सोबती ते टोक छाटतात, एक धागा मागे कुरतडतात. उरलेल्या एकेरी शेपटीवर रॅड५१ आणि डीएमसी१ ओळीने चढतात आणि ती जुळणारा क्रम शोधू लागते. हुबेहूब प्रत शेजारच्याच सिस्टर क्रोमॅटिडमध्ये असते. एरवी पेशी तिच्यावरूनच दुरुस्ती करते. इथे मात्र जोडीदार गुणसूत्राला झुकतं माप! मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच. काही ठिकाणी मग दोघांत तुकड्यांची अदलाबदल होते, बाकीचे छेद तिच्याविनाच भरून येतात.

पण छेद कुठे नको, हेही पेशी सांभाळते. आपल्या पाषाणला आयसर या संशोधन संस्थेत मृदुला नंबियार यांची प्रयोगशाळा फिशन यीस्टमध्ये हेच अभ्यासते. २०१८ मध्ये त्यांनी जेराल्ड स्मिथ यांच्यासोबत दाखवलं, की सेंट्रोमिअरजवळ पीएससी३ हे प्रथिन असल्याने छेद टळतात. गुणसूत्राच्या बाहूंवरचं आरईसी११ मुद्दाम तिथे आणलं, तर अदलाबदल सुरू होते आणि गुणसूत्रांची वाटणी बिघडते. माणसातही याचे पडसाद दिसतात. डाउन सिंड्रोममध्ये जादा एकविसावं गुणसूत्र बहुधा आईकडून येतं, आणि अशा अनेक उदाहरणांत त्या जोडीत अदलाबदल झालेलीच नसते किंवा सेंट्रोमिअरला फार खेटून झालेली असते. म्हणून हा विषय निव्वळ परीक्षेपुरता वाचू नकोस.

कॉलेजात कांद्याच्या गोंड्याची स्लाइड करशील तेव्हा मोठ्या कळ्या घेऊ नकोस, त्यांत परागकण आधीच तयार झालेले असतात. अगदी बारीक कळीतला परागकोश असिटोकार्मिनमध्ये दाबून बघ. कांद्यात गुणसूत्रांच्या आठ जोड्या असतात. गुणसूत्रं एकमेकांवर फुली मारल्यासारखी दिसतील, तिथेच अदलाबदल झालेली आहे. एका पेशीत अशा किती फुल्या दिसल्या, ते मला कळव.

तुझी,
आत्या