गंजलेली गाडी आणि पडलेला बंधू



एखादी वस्तू जुनी झाली, तिचा सांधा निखळला, तिला गंज चढला, तर ती टाकून द्यावी की नीट करावी? वरवर पाहता हा घरखर्चाचा प्रश्न आहे. परंतु तोच प्रश्न माणसाविषयी विचारला की तो विवेकबुद्धीचा होतो. मंडळीतील एखादा बंधू अपराधात सापडला, तर त्याला दूर करून दुसरा नेमावा की त्याच्याजवळ बसून त्याला पुन्हा उभे करावे? आणि हे काम कोणाचे? या प्रश्नाकडे मी ज्या वाटेने जाणार आहे ती आपणांस चमत्कारिक वाटेल, कारण ती इंग्लंडातील एका थंडगार गॅरेजातून जाते.

काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात मी इंग्लंडच्या मध्यभागात राहणाऱ्या माझ्या भाच्याकडे मुक्कामाला होतो. त्याच्याजवळ १९८९ सालची लहानशी, लाल रंगाची प्यूजो २०५ जीटीआय ही गाडी आहे. अशा गाड्यांना तिकडे ‘हॉट हॅच’ म्हणतात. घरगुती वापराची, मागे वर उघडणारा दरवाजा असलेली लहान गाडी घ्यावयाची आणि तिच्यात दमदार इंजिन बसवावयाचे, ही त्यामागची कल्पना. १९७६ साली फोक्सवागन कंपनीने गोल्फ जीटीआय विक्रीस आणली. तिचे इंजिन १.६ लिटरचे होते आणि शक्ती ११० अश्वशक्ती. पाच हजार गाड्या खपल्या तरी पुरे, असा प्रारंभीचा अंदाज होता. प्रत्यक्षात तिच्या पहिल्या पिढीच्याच चार लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. १९८४ साली प्यूजो २०५ जीटीआय आली आणि पुढे दोन वर्षांनी तिला १.९ लिटरचे अधिक बलवान इंजिन मिळाले.

या गाड्यांचे तारुण्य फारसे सात्त्विक नव्हते, हे सांगितले पाहिजे. वेगाची हौस आणि मिरविण्याची इच्छा यांनी त्या विकत घेतल्या जात. पुढे त्या चोरीस जाऊ लागल्या. चोरलेल्या गाड्या भर वस्तीत बेफाम पळविण्याचे प्रकार ब्रिटनमध्ये इतके वाढले की, १९९१ साली ऑक्सफर्डच्या ब्लॅकबर्ड लीज वस्तीत त्यावरून दंगल उसळली, आणि १९९२ साली चोरलेले वाहन धोकादायकपणे हाकणाऱ्यांस अधिक कडक शिक्षा देणारा कायदा झाला. विम्याचे हप्ते गाडीच्या मालकांस परवडेनासे झाले. कितीएक गाड्या झाडांवर आदळून संपल्या. उरलेल्यांना तेथील हिवाळ्याने गाठले. रस्त्यावर बर्फ साचू नये म्हणून तिकडे मीठ टाकतात. ते मीठ पाण्याबरोबर गाडीच्या पोटाशी जाते आणि पत्रा आतून खाऊ लागते.

ज्या थोड्या गाड्या आज शिल्लक आहेत, त्या बहुधा कोणा एकाच्या श्रमाने उरलेल्या नाहीत. हे मी डोळ्यांनी पाहिले म्हणून लिहितो. भाच्याच्या गाडीची मागची चाके वरच्या बाजूने आत कलली होती. या जातीच्या गाडीचा हा प्रसिद्ध आजार आहे. मागच्या आडव्या नळीत सुईसारख्या बारीक रुळांची बेअरिंगे असतात. त्यांचे रबरी झाकण झिजले की पाणी आत शिरते, वंगण धुऊन जाते, बेअरिंग दांड्याला खाते आणि चाक झुकू लागते. त्यासाठी सारा मागचा आस खाली उतरवावा लागतो, आणि गंजाने अडकलेले पिळाचे दांडे ओढून काढण्यासाठी एक खास सरकता हातोडा लागतो. तो हातोडा भाच्याजवळ नव्हता. तो सत्तर मैलांवरून आला. आणणारा गृहस्थ एक निवृत्त कामगार होता. त्याच्याजवळही तशीच गाडी होती. हातोड्याबरोबर त्याने स्वतःच्या गाडीच्या कामाची छायाचित्रे क्रमवार आणली होती. कोठे चुकलो, कोणता दांडा मी उलटा बसविला, हेही त्याने सांगितले. भाचा मला म्हणाला, “मामा, हा हातोडा कोणाचा ते आता कोणालाच आठवत नाही. ज्याचे काम संपते तो पुढच्याकडे पोहोचवतो.”

या परंपरेला तेथे जुना इतिहास आहे. १९६५ च्या सुमारास ब्रिटिश हवाई दलातील जॉन हेन्स हा अधिकारी एडन येथे नेमणुकीवर असताना त्याच्या एका सहकाऱ्याने मोडकळीस आलेली ऑस्टिन-हीली स्प्राइट गाडी घेतली आणि ती उभी करण्यासाठी त्याची मदत मागितली. कारखान्याने काढलेले पुस्तक सामान्य मालकाच्या उपयोगाचे नाही, हे हेन्सच्या ध्यानात आले. त्याने इंजिन उकलताना व जोडताना पायरी पायरीने छायाचित्रे घेतली. १९६६ साली त्या गाडीचे मार्गदर्शक पुस्तक निघाले आणि त्यातून पुढे पुस्तकांची एक मोठी मालिका उभी राहिली. मुळाशी पाहिले तर एकाने दुसऱ्याचे ओझे उचलले होते, एवढेच.

आता खरा प्रसंग सांगतो. आस उतरविल्यावर दरवाजाखालच्या पोकळ पोलादी पट्टीवर त्या निवृत्त गृहस्थाने बोटाने टकटक केली. आवाज पत्र्याचा नव्हता. रंग खरवडला तेव्हा आत जागोजागी पुट्टी भरलेली निघाली. पत्रा जवळजवळ उरलाच नव्हता. कोणा पूर्वीच्या मालकाने गंजाच्या भोकांवर पुट्टी लिंपून, वरून रंग देऊन गाडी विकली होती. आसनपट्टा जेथे जखडलेला असतो, त्याच्या जवळचीच ही जागा. ब्रिटनच्या वार्षिक तपासणीत अशा जागेपासून ३० सेंटीमीटरच्या आत पत्रा कमकुवत झाला असेल तर गाडी नापास होते, आणि तेथे पुट्टी चालत नाही. नवा पत्रा सलग वेल्डिंग करून जोडावा लागतो.

माझ्या भाच्याचा धीर खचला. तो म्हणाला, “मलाही अशीच विकली ना? मीही रंग मारतो आणि विकून टाकतो.” तो गृहस्थ रागावला नाही. त्याने एवढेच म्हटले की, जो घेईल तो मागच्या आसनावर आपली मुले बसवील. मग त्याने कोट पुन्हा काढून ठेवला. पुढचे तीन शनिवार ते दोघे त्या गाडीखाली पडून होते.

त्या रात्री मला यहेज्केल संदेष्ट्याच्या तेराव्या अध्यायाची आठवण झाली. लोक कच्ची भिंत उभारतात आणि खोटे संदेष्टे तिला चुना फासतात. पाऊस व गारा आल्या की ती कोसळणार, असे परमेश्वर तेथे बजावतो. दोष झाकणे आणि दोष दूर करणे या दोहोंना दुरून पाहणारा एकच समजतो, कारण दोहोंचा रंग सारखाच ताजा दिसतो. परंतु झाकणारा आपले ओझे गुपचूप पुढच्याच्या खांद्यावर ठेवतो.

येथे कोणी वाचक रास्त आक्षेप घेईल. प्रभू येशूने मत्तय ६:१९ मध्ये पृथ्वीवर संपत्ती साठवू नका असे सांगितले नाही काय? सांगितले आहे, आणि तेथे ‘जंग’ म्हणून ज्याचा उल्लेख आपण करतो त्या मूळ ग्रीक शब्दाचा सरळ अर्थ ‘खाणे’ असा आहे. पृथ्वीवरचे सर्व काही खाल्ले जाते. पोराबाळांचा वेळ आणि घरातील पैसा गाडीच्या चरणी वाहणारे लोकही तिकडे आहेत. किंमत चढेल म्हणून गाडी झाकून ठेवणारेही आहेत. त्यांचे समर्थन मी करणार नाही. सांगाडाच सडला असेल तर गाडी भंगारात देणे हाच प्रामाणिकपणा. पण त्या तीन शनिवारी त्या वृद्ध गृहस्थाने काय साठविले? गाडी त्याची नव्हती. त्याच्या हाती उरले ते काळवंडलेले हात आणि एक तरुण, जो आता दुसऱ्याला फसविणार नव्हता.

मी पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करतो, म्हणून एका शब्दाविषयी सांगू द्या. मार्क १:१९ मध्ये याकोब व योहान तारवात बसून जाळी नीट करीत होते, असे आपण वाचतो. तेथे ‘कातार्तिझो’ हे ग्रीक क्रियापद आहे. फाटलेले सांधणे, पुन्हा कामास योग्य करणे, सज्ज करणे, असा त्याचा अर्थ. ग्रीक वैद्यकात निखळलेले हाड जागी बसविण्यासाठी याच कुळातील शब्द वापरीत. आणि गलतीकरांस पत्र ६:१ मध्ये, कोणी अपराधात सापडला तर आध्यात्मिक म्हणविणाऱ्यांनी त्याचे काय करावे हे सांगताना, पौल हेच क्रियापद योजतो. आपल्या बोलण्यात ‘ताळ्यावर आणणे’ म्हटले की काठी उगारल्याचा भास होतो. मूळ शब्दाला मात्र कोळ्याच्या जाळ्याचा आणि हाडवैद्याच्या हातांचा वास आहे. हाड बसविणाऱ्याला बळ लागते, पण हिसका देऊन चालत नाही. म्हणूनच पौल लगेच सौम्यतेचा उल्लेख करतो आणि स्वतःकडे लक्ष ठेवण्यास सांगतो. “मीही दांडा उलटा बसविला होता,” असे म्हणणाराच दुसऱ्याच्या गाडीखाली शिरण्यास योग्य.

दुरुस्तीच्या पुस्तकांत सुटे भाग काढण्याचा क्रम देऊन, बसविताना हाच क्रम उलट करावा, असे एका ओळीत उरकलेले असते. ज्यांनी काम केले आहे ते या ओळीला हसतात. उकलणे आणि सांधणे यांना सारखा वेळ लागत नाही. बंधूचे नाव यादीतून काढण्यास एक बैठक पुरते. त्याला परत आणण्यास एक बैठक पुरत नाही.

आता मला स्वतःविषयी लिहिणे भाग आहे. आमच्या ओळखीतील एका सेवकाने घरच्या आजारपणात मदतनिधीतील काही रक्कम वापरली. विचारताच त्यांनी कबूल केले आणि हप्त्याहप्त्याने सर्व फेडली. आम्ही ठराव केला, नाव कमी केले, हिशेब मिटविला. कागदोपत्री काहीही चुकले नाही. ते काही दिवस मागच्या बाकावर बसत, मग येईनासे झाले. त्यानंतरच्या सहा वर्षांत मी याच शब्दाच्या मराठी प्रतिशब्दावर समितीत एक संपूर्ण दुपार वाद घातला होता. परंतु त्यांचे घर माझ्या वाटेवर असून एकदाही दार ठोठावले नव्हते. योवाश राजाच्या काळी मंदिराच्या दुरुस्तीसाठी पैसा येत होता, तरी त्याच्या कारकिर्दीच्या तेविसाव्या वर्षापर्यंत याजकांनी भगदाडे बुजविली नव्हती, असे २ राजे १२:६ सांगते. मी त्या याजकांपैकीच एक होतो.

इंग्लंडहून परतल्यावर मी गेलो. त्यांनी दार उघडले, क्षणभर पाहिले आणि म्हणाले, “भाऊ, पैसे तर सगळे फिटले ना?” माणूस सहा वर्षांनी दारी आला तर तो बाकी मागावयासच आला असेल, एवढीच अपेक्षा आम्ही त्यांच्या मनात शिल्लक ठेवली होती. त्या दिवशी आम्ही चहा घेतला. प्रार्थना करण्यास मला शब्द सापडेनात, तेव्हा त्यांनीच केली. पुढे मी जात राहिलो. आज ते घरोघरच्या प्रार्थनासभांत शास्त्रवाचन करतात. पेटीची किल्ली मात्र माझ्या हाती देऊ नका, असे त्यांनीच आम्हांस सांगून ठेवले आहे.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. माणूस यंत्र नव्हे. त्याच्या संमतीवाचून आणि पश्चात्तापावाचून त्याला कोणी सांधू शकत नाही. ज्याच्या अपराधाने दुसऱ्याला जखम झाली, त्याला जवळ घेताना त्या जखमी माणसाला विसरणे म्हणजे पुन्हा पुट्टी लिंपणेच होय. जागी बसविणे म्हणजे पूर्वीची प्रत्येक किल्ली परत देणे नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानात पेत्राने प्रभूला नाकारले ते कोळशाच्या विस्तवाजवळ (१८:१८), आणि पुनरुत्थित प्रभूने त्याला प्रीतीविषयी तीनदा विचारले तेही कोळशाच्या विस्तवाजवळ (२१:९). नव्या करारात तो ग्रीक शब्द या दोनच ठिकाणी येतो. प्रभूने मोडलेली जागा झाकली नाही. पेत्राला त्याच जागी नेऊन बसविले, त्याला न्याहारी दिली आणि मग मेंढरे त्याच्या स्वाधीन केली.

वाचकहो, आपल्या मंडळीच्या मागच्या बाकावर कोणी बसत असे, आणि आता बसत नाही, असे एखादे नाव आपणांस आठवते काय? त्याचा हिशेब मिटला असेल. त्याचा सांधा बसला आहे काय, हे जाऊन पाहिल्याखेरीज कळणार नाही. ज्या प्रभूने आपल्यापैकी प्रत्येकाला भंगारातून उचलले, तो आपणांस त्या दारापर्यंत जाण्याची कृपा देवो.